मनाच्या जखमेचा पंचनामा

आपल्या समाजात एक उत्तर फार जुने आहे. कोणी विचारले, "कसे काय चालले आहे?" की आपण म्हणतो, "बरं आहे." घरात पीठ नसले तरी "बरं आहे." गावाने वाळीत टाकले तरी "बरं आहे." पोरगी चार महिन्यांपासून रात्री किंचाळून उठते, धनी दार बंद करून कोपऱ्यात बसून राहतो, तरीही "बरं आहे." या दोन शब्दांआड आपल्या आजाआजींनी आपले दुःख झाकले आणि आपला मान राखला. त्यांना आम्ही नावे ठेवणार नाही. ऐकणाराच नव्हता तेथे सांगून उपयोग काय होता?

परंतु आज हेच दोन शब्द सरकारी दवाखान्यात मानसोपचारतज्ज्ञापुढे उच्चारले जातात, आणि केसपेपरवर लिहिले जाते, "विशेष तक्रार नाही." त्या एका ओळीने उपचाराच्या खर्चाची मागणी जागच्या जागी मरते. पुढे वकिलाने कितीही कायदा सांगितला तरी साहेब तीच ओळ बोटाने दाखवतात. हा मान राखणे नव्हे. आपल्या हक्काच्या अर्जावर आपल्याच हाताने काट मारणे आहे. अत्याचाराने मनाला झालेल्या जखमेची तपासणी कशी होते, तीवर कोणता खर्च मागता येतो आणि त्या तपासणीस कोणत्या तयारीने जावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आम्ही छावणीत वकिली करतो. गुरुवारच्या बाजाराला पैठण, गंगापूर, वैजापूर, खुलताबादकडील माणसे येतात, आणि बाजार उरकून आमच्याकडे डोकावतात. पिशवीत भाजी असते आणि भाजीखाली दुमडलेली फिर्यादीची प्रत असते. डोके फुटले होते त्याचा दाखला असतो. हात मोडला होता त्याचे क्ष-किरणाचे चित्र असते. मनाचे काय झाले, याचा मात्र एकही कागद नसतो. विचारले तर शेजारची बाई हळूच सांगते, "तेव्हापासून ती विहिरीकडे जातच नाही." न्यायाच्या दृष्टीने हे वाक्य लाखमोलाचे आहे, पण ते कोठेही लिहिलेले नसते.

मराठवाड्याला ही चूक नवी नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि त्यानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्यांवर काय कोसळले ते आपणांस ठाऊक आहे. घरे जळाली, माणसे गाव सोडून पळाली, नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांना प्राणास मुकावे लागले. जळालेल्या घराचा पंचनामा होऊ शकतो. कुडाच्या भिंती आणि पत्रे मोजता येतात. पण माळ्यावर लपून ज्या पोराने ती आग पाहिली, त्याच्या मनाचा पंचनामा कोणी करावा? ज्या विकाराला आज आघातोत्तर ताणविकार म्हणतात, त्याला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानसूचीत त्या नावाने जागा दिली ती १९८० साली, म्हणजे त्या आगीनंतर दोन वर्षांनी. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला आणि विद्यापीठाच्या कमानीवर नाव लागले. त्या नावासाठी ज्यांची झोप उडाली, त्यांची झोप परत आली की नाही, हे मात्र कोणत्या दप्तरात सापडेल? तेव्हा शब्द नव्हता, कायदाही नव्हता. आज दोन्ही आहेत. आज गप्प बसण्यास सबब कोणती?

कायदा काय म्हणतो ते पाहू. अत्याचार प्रतिबंधक अधिनियम १९८९ सालचा. त्याचे नियम १९९५ सालचे, आणि त्यांत १४ एप्रिल २०१६ रोजी मोठी दुरुस्ती झाली. त्या नियमांच्या तक्त्यात ८५ हजारांपासून ८ लाख २५ हजारांपर्यंत साहाय्याच्या रकमा दिल्या आहेत. घर जाळले, शेत बळकावले, अवयव निकामी झाला, या सर्वांना तेथे जागा आहे. मनाच्या उपचारास स्वतंत्र रकाना नाही. हा दोष खरा. पण येथेच निराश होऊन परतणारा मनुष्य पुढचे पान उलटत नाही. त्याच नियमांतील नियम ११ वाचा. पीडितास लागलेली औषधे, विशेष वैद्यकीय सल्ला, रक्त, आवश्यक कपडे, जेवण व फळे यांचा खर्च भरून देण्याचे दायित्व तो नियम दंडाधिकाऱ्यांवर टाकतो. "विशेष वैद्यकीय सल्ला" या शब्दांत हाडाचा डॉक्टर बसतो आणि मनाचा बसत नाही, असे कोणी ठरविले? मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७, जो २९ मे २०१८ पासून अमलात आहे, त्याचे कलम २१ सांगते की आरोग्यसेवा देताना मानसिक आजाराच्या व्यक्तीस शारीरिक आजाराच्या व्यक्तीच्या बरोबरीने वागविले पाहिजे. हे कलम आणि नियम ११ एकत्र वाचले म्हणजे अर्थ एकच निघतो: मोडलेल्या हाताच्या तज्ज्ञाचा खर्च देय असेल, तर मोडलेल्या मनाच्या तज्ज्ञाचाही देय आहे. असा अर्ज लिहावा, त्यात ही दोन्ही कलमे घालावीत, आणि अधिकाऱ्याने वेगळा अर्थ काढला तर तो त्याच्याकडून लेखी घ्यावा.

बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिडहल्ला यांसाठी महाराष्ट्र शासनाने २०१३ साली मनोधैर्य योजना सुरू केली. २०१७ च्या सुधारणेनंतर तिचे काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आले आणि साहाय्याची कमाल मर्यादा १० लाख रुपये झाली. ज्या योजनेच्या नावातच मन आहे, तिच्या अर्जासोबत मनाच्या तपासणीचा कागद नसावा, याहून मोठा विरोधाभास कोणता?

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप घरातूनच येतो: "मानसोपचाराचा कागद केला की वेडाचा शिक्का बसेल. पोरीचे लग्न कसे जमेल? कोर्टात साक्ष कोण मानील?" या भीतीला कायद्याने उत्तर दिले आहे. त्याच २०१७ च्या अधिनियमाचे कलम ३ स्पष्ट करते की एखाद्यास मानसिक आजार आहे असे ठरले, एवढ्यावरून तो विकल मनाचा मानता येत नाही. तसे सक्षम न्यायालयाने जाहीर करावे लागते. कलम २३ प्रमाणे उपचाराची माहिती गुप्त राखली पाहिजे. उपचार घेतला म्हणून साक्ष खोटी ठरत नाही. उलट, घटनेनंतर लगेच घेतलेल्या उपचाराचा तारीखवार कागद हा साक्षीचा आधार ठरू शकतो.

दुसरा आक्षेप वडीलधारे घेतात: "आम्ही याहून मोठे सोसले. आम्हाला कोणी औषध दिले होते?" आदराने सांगतो, आपण सोसले म्हणून मुलाने सोसावे, हा न्याय नव्हे. अस्पृश्यतेच्या बाजूने हीच दलील दिली जात होती, हे आपणच आम्हाला शिकविले आहे.

तिसरा आक्षेप नव्याने ऐकू येतो: "धम्म स्वीकारला आहे ना? मग विहारात बसा, ध्यान करा, मन शांत होईल." ध्यानाला आमचा विरोध नाही. पण तथागतांनी अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्षूला ध्यान कर असे सांगितले नाही. आनंदाला बरोबर घेऊन त्याला स्वतः धुतले, उचलून अंथरुणावर निजविले, आणि आजाऱ्याची सेवा हीच माझी सेवा असे संघास बजाविले. त्यांच्या संघाला जीवकासारखा वैद्य होता. देवऋषी आणि अंगारा आपण सोडला, तो डॉक्टर धरण्यासाठी. डॉक्टरही सोडला तर हातात राहिले काय?

याच्या उलट टोकाची एक जात आहे, आणि ती अधिक घातक आहे. ती कचेरीच्या आवारात चहाच्या टपरीवर भेटते. "हे पाहा, आत गेल्यावर रडा. काही आठवत नाही म्हणा. जीव द्यावासा वाटतो म्हणा. मग रक्कम वाढेल, त्यातले थोडे आम्हाला द्या." अशा दलालापासून दूर राहा. नीतीचा प्रश्न बाजूला ठेवा. व्यवहाराने पाहिले तरी हा आत्मघात आहे. तज्ज्ञ एकच गोष्ट तीन प्रकारे विचारतो. पाठ केलेले उत्तर तिन्ही वेळा त्याच शब्दांत येते, आणि अनुभवी कान ते ओळखतो. तो अहवाल न्यायालयात गेला तर विरुद्ध पक्षाचा वकील पोलिसांपुढील जबाबाशी त्याची ओळ न् ओळ ताडून पाहतो. दहा खऱ्या वाक्यांत मिसळलेले एक खोटे वाक्य दहांनाही बुडविते. आणि तो एकटाच बुडत नाही. त्याच्यामागून येणाऱ्या प्रत्येक खऱ्या पीडिताकडे संशयाने पाहिले जाते.

म्हणून तयारी करावयाची ती खरे सांगता यावे याची. खरे सांगण्यासही तयारी लागते. ज्याला सवयच "बरं आहे" म्हणण्याची, त्याला तर अधिकच.

तपासणीच्या आधी पंधरा दिवस एक साधी वही करा. लिहिता येत नसेल तर मुलाकडून लिहवून घ्या. रात्री किती वाजता झोप लागली, कितीदा जाग आली, कोणते स्वप्न पडले. दिवसा घटना डोळ्यांपुढे उभी राहिली का, आणि कशामुळे राहिली: मोटारसायकलच्या आवाजाने, पाटलाच्या वाड्यावरून जाताना, की कोणी मोठ्याने बोलल्याने? कोणती वाट, कोणती माणसे, कोणते काम टाळले? जेवण गेले का? मुलांवर हात उगारला का? हे सर्व तारखेसह लिहा. घटनेला महिना उलटून गेल्यावरही हे चालू असेल तर तज्ज्ञाच्या दृष्टीने त्याला फार महत्त्व आहे, म्हणून केव्हापासून हे आठवणीने सांगा.

दुसरे, पूर्वी आणि आता यांची तुलना करा. "त्रास होतो" या शब्दांनी काही कळत नाही. "पूर्वी दिवसभर निंदणी करीत असे, आता तासाभरात छाती धडधडते आणि मी बांधावर येऊन बसते," यातून सर्व कळते. पुस्तकी शब्द वापरू नका. डॉक्टरचे शब्द डॉक्टर लिहील. आपण म्हणावे, डोळ्याला डोळा लागत नाही. पोटात गोळा येतो. माणसांत असूनही एकटे वाटते. आपली बोली हीच आपली साक्ष आहे. मरणाचे विचार येत असतील तर ते लाजेने लपवू नका आणि दलालाच्या सांगण्यावरून रचूही नका. खरोखर येत असतील तर तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नका. शासनाच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर त्याच दिवशी बोला, किंवा थेट घाटीत जा.

तिसरे, कागद. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते, ती घ्या. जातीचा दाखला घ्या. धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातीत केंद्राने १९९० साली स्थान दिले, तेव्हा "तुम्ही बौद्ध, तुम्हाला हा कायदा कसा लागू?" असे कोणी म्हटल्यास ते साल सांगा. जुने केसपेपर, औषधांच्या पावत्या, एस.टी.ची तिकिटे, मुलाच्या शाळेतील हजेरी, मजुरी बुडाल्याचा मुकादमाचा शब्द, हे सर्व एका पिशवीत तारखेने लावा. प्रत्येक कागदाची छायाप्रत काढा आणि मूळ प्रत कोणाच्याही हाती कायमची देऊ नका. तपासणी नोंदणीकृत मानसोपचारतज्ज्ञाकडून किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेल्या चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाकडूनच करून घ्या. सही, शिक्का व नोंदणी क्रमांक नसलेल्या कागदाला कचेरीत किंमत नाही. अपंगत्वाचा दाखला आणि उपचाराच्या गरजेचा अहवाल हे दोन निराळे कागद आहेत, हेही ध्यानात ठेवा. पहिला कायमच्या हानीबद्दल असतो. उपचाराने जे बरे होऊ शकते त्यासाठी आपणांस दुसरा हवा आहे. त्यात निदान, किती भेटी लागतील आणि अंदाजे खर्च किती, हे लिहून मागा.

चौथे, सोबत. जो माणूस तुमच्याबरोबर एका छपराखाली राहतो त्याला न्या; रात्रीचे किंचाळणे त्याने ऐकलेले असते. पण प्रथम एकट्याने बोलू द्या, अशी विनंती करा. पुष्कळ बायका सासू वा नवरा शेजारी असताना खरे बोलत नाहीत. तपास व खटल्याच्या कामी जाताना स्त्रिया, अल्पवयीन मुले आणि ६० वर्षांवरील व्यक्तींना आपल्या पसंतीचा सोबती नेण्याचा हक्क नियम ११ नेच दिला आहे. अधिनियमाचे कलम १५-अ तर सामाजिक कार्यकर्ते, संस्था वा वकील यांचे साहाय्य घेणे हा पीडिताचा हक्कच मानते.

पाचवे, जुने दुःख लपवू नका. आधी मूल दगावले होते, नवरा पीत होता, हे सांगितले तर आताचा दावा कमकुवत होईल असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. आधीच भेगाळलेल्या भिंतीवर कोणी घण घातला तर घण घालणारा निर्दोष सुटत नाही. लपविलेले दुःख मात्र उलटतपासणीत बाहेर येते, आणि तेव्हा ते तुमच्याविरुद्ध वापरले जाते.

सहावे, मर्यादा. सुरुवातीलाच विचारा: हा अहवाल कोणाकोणाकडे जाणार? प्रत मला मिळणार का? आपल्या वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क कलम २५ ने दिला आहे. मनाची अवस्था समजण्यासाठी घटनेचा प्रत्येक क्षण पुन्हा सांगावाच लागतो असे नाही. सांगताना श्वास कोंडला तर "थोडे थांबू या" म्हणा, पाणी प्या. तपासणीनंतर दोन-तीन रात्री त्रास वाढू शकतो, तेव्हा दुसऱ्याच दिवशी कोर्टाची तारीख वा पाहुण्यांकडे जाणे ठेवू नका, आणि घरी कोणीतरी सोबत असू द्या.

आणखी एक गोष्ट तपासणाऱ्यांसाठी, कारण हे पान त्यांच्याही हाती पडू शकते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना स्वच्छ व नीटनेटके राहण्यास सांगितले. तेव्हापासून आमची बाई कचेरीत जाते ती धुतलेले पातळ नेसून, केस विंचरून. तिच्या पातळाकडे पाहून "ही तर ठीक दिसते" असे लिहिणारा मनुष्य तपासणी करीत नाही, वस्त्रे पाहतो. मळके नेसून या, मग दुःख मान्य करू, असा नियम कोठे लिहिला आहे? छावणीला लागून नागसेनवन आहे; ज्या भदन्त नागसेनांचे नाव त्या भूमीला आहे, त्यांना मिलिंद राजाने वादास बोलावले, तेव्हा त्यांनी एक अट घातली. पंडित जसे विचारतात तसे विचारणार असाल तर बोलू, राजे जसे विचारतात तसे विचारणार असाल तर नाही. पंडिताला उत्तर पटले नाही तर तो पुन्हा विचारतो. राजाला पटले नाही तर तो शिक्षा करतो. टेबलापलीकडे बसलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याने आपण यांपैकी कोण आहोत, हे एकदा स्वतःस विचारावे.

इतके करूनही नकार मिळाला तर? तोंडी नकार घेऊन घरी परतू नका. कारणांसह लेखी मागा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीस उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातील प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज करा. अत्याचाराच्या तक्रारीसाठी १४५६६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती असते. तिची बैठक तीन महिन्यांतून निदान एकदा झाली पाहिजे, असा नियम आहे. त्या बैठकीत किती गुन्हे नोंदले आणि किती रक्कम वाटली, याचे आकडे विचारले जातात. किती पीडितांच्या मनाची तपासणी झाली, आणि नियम ११ खाली त्या उपचारासाठी किती रुपये दिले, हे दोन आकडे आता आपल्या प्रतिनिधींनी विचारावेत. उत्तर शून्य आले तर ते शून्य इतिवृत्तात लिहवून घ्यावे.

बंधुभगिनींनो, उपचाराचा खर्च मागणे ही याचना नव्हे. ज्या राज्याने आपले रक्षण करावयाचे होते आणि जे त्यात उणे पडले, त्याच्याकडील ते येणे आहे. येणे वसूल करावयाचे तर हिशेब नीट मांडावा लागतो. म्हणून येत्या गुरुवारी बाजाराला याल तेव्हा भाजीबरोबर एक चाळीस पानी वही विकत घ्या. घरात ज्याची झोप उडाली आहे त्याच्या उशाशी ती ठेवा. आणि उद्या डॉक्टरने विचारले, "कसे आहात?", तर त्या वहीत जे लिहिले आहे तेच वाचून दाखवा.

जयभीम.